विमान रद्द झालं, भरपाई आली. आता हे पैसे कुणाचे?

(या आठवड्याच्या भागाचा मजकूर. बसमध्ये रेंज जाते, हेडफोन घरी राहतो, म्हणून बऱ्याच जणांनी लिहून टाका म्हटलं होतं. बोललेलंच आहे, थोडं आवरून घेतलंय.)

नांदेडात ऊन मी म्हणतंय, लातूरकरांनी आपलं सांगावं.

आजचा विषय पैशाचा आहे, पण शेअर बाजार नाही, एसआयपी नाही. घरातला पैसा. म्हणजे असा पैसा, जो कुणी कमावलेला नाही, कुणी मागितलेला नाही, अचानक येऊन पडलाय, आणि ज्याच्यामुळं आमच्या घरात दीड महिना दोन भाऊ एकमेकांशी धड बोलले नाहीत. घरच्यांना विचारून सांगतोय, त्यामुळं काळजी नको. फक्त नावं घेणार नाही. विमान कंपनीचंही नाही. तिनं शेवटी पैसे दिले, विषय संपला. आपला विषय तिथून पुढं सुरू होतो.

तर झालं असं. मे महिन्यात आम्ही सगळे मिळून फिरायला गेलो. नांदेडहून आजी, पप्पा, आई आणि मी. लातूरहून काका, काकू, माझा चुलतभाऊ आणि चुलतबहीण. आणि उदगीरहून आत्या. एकूण नऊ जण. जाताना सचखंडनं अमृतसर, मग तिथून डलहौसी, परत येताना दिल्ली. आजीचे गुडघे बघता परतीला एवढा रेल्वेप्रवास नको म्हणून दिल्ली ते हैदराबाद विमान, आणि हैदराबादहून क्रुझर करून आधी नांदेड, मग लातूर. आपल्या भागात ज्यांनी विमान धरलंय त्यांना हा हैदराबादचा फेरा नवा नाही.

तिकिटं चुलतभावानं काढली. तो पुण्यात नोकरीला आहे, त्याच्याकडं क्रेडिट कार्ड आहे, ऑफर होती. नऊ जणांचा एकच पीएनआर. पप्पांनी आमच्या चार तिकिटांचे पैसे त्याला लगेच फोन-पे केले. आणि आत्याचं तिकीट? ते दोघा भावांनी अर्धं अर्धं काढलं. आत्या पहिल्यांदाच विमानात बसणार होती. काका म्हणाले होते, "ही तुझी पुढच्या दोन वर्षांची भाऊबीज समज." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

परतीचं विमान रात्री नऊचं होतं. सहाला विमानतळावर पोचलो. आठला बोर्डावर उशीर दिसला. मग साडेदहा. मग बारा. मग रात्री एक वाजता सांगितलं, रद्द. तांत्रिक अडचण. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात पाच जागा आणि संध्याकाळच्या विमानात चार.

पप्पांनी महिपालपूरला एक खोली घेतली. आजी, आई आणि चुलतबहीण तिकडं झोपल्या. खोली ३,२०० आणि टॅक्सी ६००, म्हणजे ३,८०० रुपये. बाकी आम्ही सहा जण विमानतळावरच्या खुर्च्यांवर. आत्याला मी म्हटलं, तू पण जा. ती म्हणाली, "खोलीत तिघींचीच सोय हाय, मी बसते इथं. मला कुठं झोप येऊ लालली?" रात्रभर चहा, बिस्किटं, पाणी याचे ८०० रुपये माझ्या खिशातून गेले. विमानतळावरचा चहा काय भावाचा असतो ते तुम्हाला माहिती आहे.

सकाळी आजी, आई, पप्पा, काकू आणि चुलतबहीण गेले. संध्याकाळी काका, चुलतभाऊ, आत्या आणि मी. आधी गेलेले पाच जण हैदराबादला ओळखीच्यांकडं दिवसभर थांबले, कारण क्रुझर एकच. ड्रायव्हरनं एक दिवस जास्त थांबल्याचे ३,५०० घेतले. ते काकांनी दिले.

घरी आलो, दोन दिवस झोपलो, फोटो ग्रुपवर टाकले, संपलं. असं आम्हाला वाटलं.

चुलतभाऊ मात्र मागं लागला होता. आणि इथं थोडा नियम समजून घेऊ, कारण माझ्यासकट बहुतेकांच्या डोक्यात हा नियम चुकीचा बसलेला असतो.

उशीर आणि रद्द, दोन्ही वेगळं

आपण रील बघतो, "फ्लाइट लेट? इतके पैसे मिळवा!" ते बहुतेक युरोपातलं असतं. तिकडचा नियम असा: विमान युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटत असेल आणि मुक्कामी पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला, तर अंतराप्रमाणं प्रत्येक प्रवाशाला २५०, ४०० किंवा ६०० युरो. तिकीट स्वस्तात काढलं की महागात, याच्याशी संबंध नाही. वादळासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर नाही मिळत. म्हणजे तुमचा भाऊ जर्मनीत असेल आणि तुम्ही त्याला भेटून परत येत असाल, तर हा नियम तुमच्या कामाचा.

भारतात नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, त्यांचा नियम असा आहे: आपल्या देशातल्या नेहमीच्या छोट्या प्रवासाला दोन तासांवर उशीर झाला की खाणंपिणं द्यायचं. सहा तासांवर उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत, यातलं निवडायचा हक्क प्रवाशाला. काही परिस्थितीत, विशेषतः रात्रीच्या विमानाला मोठा उशीर झाला तर, हॉटेल. पण हातात पैसे नाहीत.

पैसे मिळतात ते विमान रद्द झाल्यावर, आणि तेही वेळेत कळवलं नसेल तर. प्रवास एक तासापर्यंतचा असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांचा असेल तर ७,५००, दोन तासांच्या वरचा असेल तर १०,०००. आता पुढची ओळ नीट ऐका, कारण रीलवाले ती गाळतात: एवढी रक्कम किंवा तुमच्या एका बाजूच्या तिकिटाचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे दिल्ली-हैदराबाद दोन तासांच्या वरचं असलं तरी सरसकट १०,००० नाहीत. आमच्या तिकिटात मूळ भाडं आणि इंधन मिळून ४,९०० होतं. म्हणून माणशी ४,९००.

आणखी दोन गोष्टी. एक, पूर, दंगल, संप, सरकारी आदेश, खराब हवामान अशी कारणं असतील तर ही भरपाई नाही. दोन, तिकीट काढताना तुमचा संपर्काचा नंबर नीट दिलेला नसेल तरी भरपाई नाही. हे आपल्याकडच्यांसाठी फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडं अजूनही पुष्कळ लोक एजंटकडून तिकीट काढतात आणि एजंट स्वतःचाच नंबर टाकतो. तुमचा नंबर टाकायला लावा.

चुलतभावाला कंपनीनं आधी सांगितलं, हवामान खराब होतं. यानं त्या रात्री दिल्लीहून हैदराबादला गेलेल्या दुसऱ्या विमानांची यादी काढून पाठवली. मग म्हणाले, बघतो. मग उत्तरच नाही. मग त्यानं सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली. अकरा ईमेल झाले. आणि जुलैमध्ये त्याच्या कार्डाला जोडलेल्या खात्यात पैसे आले. नऊ गुणिले ४,९००, म्हणजे ४४,१०० रुपये.

आता खरी गोष्ट सुरू.

खातं एकाचं, रात्र नऊ जणांची

चुलतभावानं हे कुणाला सांगितलं नाही. वाईट हेतूनं नाही, असं तो म्हणतो, आणि मला आता ते पटतं. त्याच्या मते हे पैसे त्यानं मिळवले होते. अकरा ईमेल त्यानं केले, आम्ही कुणी एकही केला नाही. त्याच महिन्यात कार्डाचं बिल होतं, पैसे तिकडं गेले.

तीन आठवड्यांनी काकू बोलता बोलता आईला बोलून गेल्या. आईनं पप्पांना सांगितलं. आणि पप्पांनी, जे एरवी हिशोबाला कधी बसत नाहीत, सरळ काकांना फोन लावला. "कामून सांगितलं नाही?" बस, एवढंच वाक्य. पण भावाभावांत "कामून" ला वजन असतं. काका म्हणाले, "पोराला विचार." पप्पा म्हणाले, "पोराला कामून विचारू, तू हायस ना." आणि मग ग्रुपवर गुड मॉर्निंगसुद्धा बंद.

मी मध्ये पडलो. एक्सेल शीट केली, ग्रुपवर टाकली. कुणी अंगठासुद्धा दिला नाही. आईनं वेगळा फोन करून झापलं. घरातलं भांडण शीट टाकून मिटत नाही, हे मी तुम्हाला अनुभवानं सांगतो. पण शीट करताना मला एक कळलं. प्रत्येक जण बरोबर बोलत होता, फक्त प्रत्येकाचा माप घेण्याचा काटा वेगळा होता. बघा.

पप्पांचा काटा: ज्यानं तिकिटाचे पैसे दिले, त्याचे पैसे. आमची चार तिकिटं आणि आत्याचं अर्धं, म्हणजे साडेचार. काकांचंही साडेचार. म्हणून ४४,१०० चे सरळ दोन भाग, २२,०५० आणि २२,०५०. आत्याला शून्य, कारण तिनं तिकिटाचे पैसे दिले नव्हते.

काकांचा काटा: ज्याचं जास्त नुकसान झालं, त्याला जास्त. त्यांचं कृषी सेवा केंद्र एक दिवस बंद राहिलं, ऐन पेरणीच्या तोंडावर. बियाण्याचं गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानात गेलं की खतालाही तिकडंच जातं. हेही खोटं नाही.

चुलतभावाचा काटा: ज्यानं मेहनत केली, त्याचा मोठा वाटा.

माझा काटा: आम्ही संध्याकाळी आलो, खुर्च्यांवर झोपलो, आम्हाला त्रास जास्त. यावर आजीनं एका वाक्यात मला गप्प केलं. "आम्ही सकाळी येऊन काय केलं रे? दिवसभर परक्याच्या घरी तुमचीच वाट बघत बसलो." त्रास मोजायला गेलं की असं होतं. माझा गुडघा आणि आजीचा गुडघा कुठल्या तराजूत घालणार?

आणि आत्या? तिला कुणी विचारलंच नव्हतं.

हे पैसे नेमके कशाचे आहेत?

इथं थांबून एक गोष्ट सांगतो. ६ सप्टेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं एका रेल्वेच्या उशिराच्या प्रकरणात निकाल दिला. न्यायमूर्ती एम. आर. शहा आणि अनिरुद्ध बोस. एक कुटुंब अजमेर-जम्मू एक्सप्रेसनं जम्मूला निघालं होतं, पुढं श्रीनगरचं विमान होतं. गाडी चार तास लेट, विमान चुकलं. मग टॅक्सीनं श्रीनगर. कुटुंब अलवरच्या ग्राहक मंचात गेलं आणि तिथून वर वर करत प्रकरण दिल्लीपर्यंत आलं. उशिराचं कारण रेल्वेला दाखवता आलं नाही, म्हणून भरपाई कायम राहिली.

त्यात मला महत्त्वाची वाटली ती रकमेची फोड. टॅक्सीचे १५,००० वेगळे. बुकिंगच्या खर्चाचे १०,००० वेगळे. मनस्तापाचे वेगळे. खटल्याच्या खर्चाचे वेगळे. न्यायालयानं एक गठ्ठा रक्कम ठोकून दिली नाही, प्रत्येक पैशाला नाव दिलं.

घरातही तेच करायचं. आलेल्या पैशाला आधी नाव द्यायचं, वाटणी नंतर. माझ्या मते तीन नावं पुरतात.

पहिलं, परतावा. तिकीट रद्द करून त्याचे पैसे परत आले तर तो परतावा. तो ज्यानं तिकिटाला पैसे घातले त्याचा. इथं पप्पांचा काटा शंभर टक्के बरोबर आहे. आत्याच्या तिकिटाचा परतावा आला असता तर तो दोघा भावांचा.

दुसरं, खर्च. त्या गोंधळामुळं खिशातून गेलेले पैसे. खोली, टॅक्सी, चहा, क्रुझरचा जास्तीचा दिवस. हे ज्यानं भरले त्याला आधी परत मिळाले पाहिजेत.

तिसरं, भरपाई. ही तिकिटाची किंमत नाही. आम्ही दुसऱ्या विमानानं आलोच की, प्रवास तर झाला. ही त्या रात्रीची, वाया गेलेल्या दिवसाची. म्हणून ती त्या दिवशी ज्याच्या नावाचा बोर्डिंग पास होता त्याची. डीजीसीएच्या नियमातसुद्धा शब्द "प्रवासी" आहे, "कार्डधारक" नाही. युरोपातही कंपनीनं कर्मचाऱ्याचं तिकीट काढलं असेल, तरी भरपाईचा हक्क प्रवास करणाऱ्या कर्मचाऱ्याचा असतो. पैसे कार्डाच्या खात्यात येतात ती फक्त वाट आहे.

हे मी पप्पांना समजावून सांगितलं. पटलं नाही. पटलं ते वेगळ्याच गोष्टीनं.

अहमदपूरच्या पुढं आमची थोडी जमीन आहे, दोघा भावांच्या नावावर. ती आम्ही बटईनं देतो. एका वर्षी अतिवृष्टी झाली, सोयाबीन हातचं गेलं. सरकारी अनुदान आलं ते सातबाऱ्यावर नाव असलेल्यांच्या खात्यात, म्हणजे पप्पा आणि काकांच्या. बटईदाराच्या खात्यात छदामसुद्धा नाही. बी त्यानं आणलं, फवारणी त्यानं केली, पाण्यात उभा तो राहिला. तेव्हा काकाच पप्पांना म्हणाले होते, "पैसे आपल्या खात्यात आले म्हणून आपले झाले का? पीक कुणाचं गेलं?" आणि आधी त्याचा बियाण्याचा खर्च काढून दिला, मग उरलेलं निम्मं निम्मं.

मी फक्त ही आठवण काढली. पप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग तुझ्या आत्याचं?" मी म्हटलं, "तेच तर."

राखीपौर्णिमा

ऑगस्टमध्ये राखीला आत्या नांदेडला आली. काका दरवर्षी येतात, त्या वर्षी येतील की नाही अशी शंका होती. आले. चुलतभाऊपण आला. जेवणं झाली आणि आजीनंच विषय काढला, "ते विमानाचं काय ते मिटवा आज."

हिशोब असा मांडला. आलेले ४४,१००. त्यातून आधी खर्च: खोली आणि टॅक्सीचे ३,८०० पप्पांचे, क्रुझरचे ३,५०० काकांचे, चहापाण्याचे ८०० माझे. एकूण ८,१००. उरले ३६,०००. भागिले नऊ, माणशी ४,०००. ठरवून आणल्यासारखा आकडा आला. म्हणजे नांदेडच्या घराला चौघांचे १६,००० अधिक खर्चाचे ४,६००, एकूण २०,६००. लातूरच्या घराला १६,००० अधिक ३,५००, एकूण १९,५००. आणि आत्याला ४,०००.

इथं मी शहाणपणा केला. मी म्हटलं, आत्या तर खोलीत झोपलीच नाही. मग खोलीचा खर्च तिच्या वाट्यातून कापणं बरोबर नाही. तिघी झोपल्या, तिघींच्या वाट्यातून कापा. हिशोबानं माझं चूक नव्हतं.

आत्या माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "खोली माझ्या आईसाठी घेतली ना? मग त्यात माझा वाटा नको म्हणतोस? मी काय परकी हाव?"

कुणीच काही बोललं नाही. माझी शीट तिथं संपली. काट्यानं मोजल्यावर माणसाला आपण बाहेरचे आहोत असं वाटणार असेल, तर तो काटा घरात वापरायचा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग काका म्हणाले की आत्याचं तिकीट तर आम्हीच काढलं होतं, म्हणजे तिला ४,००० देणं म्हणजे आम्हीच... आणि मध्येच थांबले. कारण त्यांनाच आठवलं. भाऊबीज. ओवाळणीत घातलेले पैसे कुणी परत मोजून घेतं का? तिकीट दिलं तेव्हाच ते तिचं झालं, आणि त्या तिकिटाबरोबर आलेली रात्रही तिची, त्या रात्रीची भरपाईही तिची.

काकांच्या दुकानाचं? ते त्यांनीच सोडलं. दुकान धरलं तर माझा रोज धरावा लागेल, चुलतबहिणीचा बुडालेला क्लास धरावा लागेल, आणि आईचा तर कुठलाच दिवस कुणी कधी धरत नाही. शेवटी सगळ्यांचा दिवस सारखा धरला. ज्यांना कमवायचं नव्हतं त्यांचाही दिवस दिवसच होता.

राहिलेला एक प्रश्न

आता खरं सांगायचं तर एक गोष्ट आमच्याकडं अजून नीट सुटलेली नाही. चुलतभावाची मेहनत.

त्याच्याशिवाय हे ४४,१०० आलेच नसते. कंपनीनं हवामान म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी मान हलवली असती. युरोपात असे दावे लढवून देणाऱ्या कंपन्या आहेत, त्या मिळालेल्या पैशातला चांगला मोठा हिस्सा ठेवून घेतात आणि लोक आनंदानं देतात. मग घरातल्या पोरानं केलं तर फुकट? पप्पा म्हणाले, दहा टक्के त्याला वेगळे देऊ. तो म्हणाला, नको. पण "नको" म्हणताना त्याचा चेहरा मी बघितला. त्याला पैसे नको होते, हे खरं. पण तीन आठवडे सगळ्यांनी त्याला चोर समजलं आणि अकरा ईमेलचं कुणी एकदाही नाव काढलं नाही, हे त्याला लागलं होतं.

आणि त्याची चूक? तीसुद्धा होती. पैसे आले त्या संध्याकाळी ग्रुपवर एक ओळ टाकली असती, "पैसे आलेत, एवढे आहेत, मी खूप डोकं लावलंय, वाटणी ठरवू," तर दीड महिना वाचला असता. पैसे ठेवून घेण्यापेक्षा न सांगणं जास्त महागात पडतं.

म्हणून माझं म्हणणं, पाठपुरावा करणाऱ्याचं आधी ठरवा. दावा टाकायच्या दिवशीच. "मी करतो, मिळालं तर खर्च काढून दहा टक्के माझे." किंवा "मी करतो, काही नको, पण पुढच्या वेळी तिकिटाचं डोकं दुसऱ्यानं लावायचं." काहीही चालेल. पैसे यायच्या आधी माणूस मोठ्या मनाचा असतो. आल्यावर ते मन थोडं आखडतं. हे तुमचं-माझं सगळ्यांचंच होतं.

जाता जाता, कामाच्या गोष्टी

पटकन सांगतो.

विमान रद्द झालं की तिथंच काउंटरवर कारण लेखी मागा, निदान मेसेज तरी. बोर्डाचा फोटो काढा. आणि रात्रीचं असेल तर हॉटेलचं विचारा. आम्ही विचारलंच नाही. पप्पा स्वतःच खोली शोधायला पळाले. विचारलं असतं तर कदाचित ते ३,८०० गेलेच नसते आणि आत्याही खुर्चीवर बसली नसती.

खर्चाची पावती ज्यानं पैसे दिले त्यानंच ग्रुपवर टाकायची, त्याच दिवशी. महिन्यानंतर टाकलेली पावती संशयाची वाटते.

आधी कंपनीकडं तक्रार, मग एअरसेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विमान दिल्लीचं असो की हैदराबादचं, लातूरकरानं लातूरला आणि नांदेडकरानं नांदेडला करायची. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. ऑनलाइनही होते.

कुणी स्वतःच्या पैशानं प्रवास विमा काढला असेल आणि त्याचे पैसे आले, तर ते त्याचेच. ते सामायिक डब्यात ओढू नका.

आणि व्हाउचर. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा कंपनीनं ३, ४ आणि ५ डिसेंबरला सगळ्यात जास्त अडकलेल्या प्रवाशांना १०,००० रुपयांची प्रवास व्हाउचर जाहीर केली, १२ महिन्यांत वापरायची. आता व्हाउचरचे तुकडे कसे करणार? आपल्याकडं घरातले निम्मे लोक वर्षभरात परत विमानात बसणारही नसतात. अशा वेळी ज्याला खरंच वापरता येतं त्यानं वापरावं आणि बाकीच्यांना रोख द्यावं. पण पूर्ण किंमत धरू नका. व्हाउचर म्हणजे रोख नव्हे, त्यामुळं थोडी कमी किंमत सगळ्यांनी मिळून ठरवा. आणि ठरवताना ज्याला वापरायचंय तो एकटाच बोलणार नाही एवढं बघा.

बस, एवढंच.

आत्यानं त्या ४,००० चं काय केलं माहिती आहे? पाचशेची एक नोट काढून तिथंच चुलतभावाच्या हातात ठेवली. म्हणाली, "मला काय पत्र लिहिता येऊ लालले का इंग्रजीत? तू लिहिलंस म्हणून आले." त्यानं ती घेतली. दहा टक्के नको म्हणणाऱ्यानं ती पाचशेची नोट घेतली. आणि त्या रात्री बंद पडलेल्या ग्रुपवर काकांचा पहिला मेसेज आला. पुढच्या वर्षी कुठं जायचं, म्हणून.

तुमच्या घरात असा अचानक आलेल्या पैशाचा घोळ झालाय का? विमा, अनुदान, प्लॉटची बयाणा परत आलेली, लग्नातला आहेर, काहीही. व्हॉइस नोट पाठवा, नाव नको, फक्त गाव सांगा. निवडक पुढच्या भागात ऐकवू.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर पाणी पीत राहा, आणि पावत्या जपून ठेवा!